वाघाला मायग्रेशन लागत नाही, तुम्हाला लागतं!

पर्यावरणाचा पेपर एका विद्यापीठात दिला आणि डिग्री दुसऱ्याकडून घ्यायचीय? मग तो पेपर पुन्हा द्यायचा का? चार विद्यापीठांच्या मधोमध सापडलेल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर फारसं अवघड नाही. फक्त वेळेवर विचारायला हवं!

कॉलेजमधला सगळ्यात दुर्लक्षित पेपर कोणता? विचारण्याची गरजच नाही. ईव्हीएस! म्हणजेच आपला पर्यावरणशास्त्राचा पेपर. आदल्या रात्री गाईड चाळायचं, ओझोनच्या थराला भोक पाडायचं, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ एवढ्या भांडवलावर दीड पान भरायचं, मित्राच्या प्रोजेक्टची झेरॉक्स मारायची आणि सुटायचं. वर्गात मुलं आठ, परीक्षेला मात्र दोनशे. या पेपरचं टेन्शन कुणी घेतं का बॉस?

घेत नाही, आणि गोची तिथेच होते. कारण बहुतेक ठिकाणी हा पेपर पास केल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. एकाच कॉलेजात तीन वर्षं काढणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. पण ज्यानं मध्येच शहर बदललं, विद्यापीठ बदललं, रेग्युलर सोडून डिस्टन्सला गेला, त्याच्यासाठी हा ‘किरकोळ’ पेपर ऐन वेळी रस्ता अडवून बसतो. बाकी सगळे विषय क्लिअर, हातात ऑफर लेटर, एचआरची कागदपत्रांची तपासणी सुरू, आणि डिग्री मात्र ईव्हीएसमुळे लटकलेली. सांगायची चोरी आणि लपवायचीही चोरी!

चार विद्यापीठांच्या मधोमध

२०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याचा सगळा प्रवास नकाशावर उतरला. महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले जिल्हे तुडवत, हजारावर किलोमीटर चालून स्वारी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचली. ‘वॉकर’ या नावानं तो जगभर गाजला. ना टीसी, ना मायग्रेशन! गंमत अशी की यवतमाळ आणि बुलढाणा हे दोन्ही जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्याच हद्दीत येतात. म्हणजे एवढी पायपीट करून पठ्ठ्या पुन्हा आपल्याच विद्यापीठात!

माणसांच्या पोरांचं इतकं सोपं नसतं. यवतमाळचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्यातली बहुतेक पारंपरिक कॉलेजं १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. पण वणीच्या मुलाला अमरावतीपेक्षा चंद्रपूर कितीतरी जवळ, आणि चंद्रपूर येतं २०११ मध्ये सुरू झालेल्या गोंडवाना विद्यापीठात. उमरखेडहून नांदेड हाकेच्या अंतरावर, तिथलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं. अमरावती गाठायची तर दोनशे किलोमीटरच्या पुढची एसटी! कळंब-राळेगावकडून पूर्वेला निघालं की वर्धा जिल्हा, म्हणजे नागपूर विद्यापीठ. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण. त्यात दरवर्षी पुण्या-मुंबईला जाणारी मुलं वेगळीच. ज्याची बहीण चंद्रपूरला दिली तो तिच्याकडे राहून शिकतो, ज्याचा मामा नांदेडला तो तिकडे जातो. मग कुणाला वसतिगृहाचा खर्च झेपत नाही, कुणाच्या घरी आजारपण निघतं, कुणाचं लग्न ठरतं. मंडळी परत येतात आणि इथे उरलेलं शिक्षण पूर्ण करू पाहतात.

समजा, पांढरकवड्याची एक मुलगी पुण्यात दोन वर्षं बी. कॉम. करून परत आली. यवतमाळच्या एखाद्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला प्रवेश हवाय. ऑफिसच्या खिडकीवर होणारा संवाद साधारण असा असेल :

“सर, माझा पर्यावरणाचा पेपर झालाय ना पुण्यात. ही बघा मार्कशीट.”

“झाला अशीन ना माय, मी कुठं नाही म्हणतो? पण तिकडं त्याले क्रेडिट किती, आपल्या इकडं किती, हे पाहा लागन ना! सिलॅबस आणला काय?”

“सिलॅबस? तो कशाला?”

“मंग दोन्ही पेपर सारखेच हायेत म्हून कायच्यावरून ठरवू बाप्पा?”

मुलगी वैतागते, बाहेर येऊन मैत्रिणीला फोन लावते. ‘हे लोक मुद्दाम त्रास देतात गं!’ पण एक मिनिट थांबा. खिडकीमागच्या बाबूंचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो समजून घेतला की अर्धं काम झालं.

हा पेपर आला कुठून?

याचं मूळ थेट सुप्रीम कोर्टात आहे. एम. सी. मेहता या वकिलांनी जनहित याचिका केली होती आणि २२ नोव्हेंबर १९९१ ला कोर्टानं आदेश दिला. थिएटरात सिनेमाआधी पर्यावरणाच्या स्लाईड दाखवा, रेडिओ-टीव्हीवर कार्यक्रम करा आणि शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. स्लाईड दिसल्या, पण कॉलेजातला पेपर काही सगळीकडे सुरू होईना. २००३ मध्ये कोर्टाला पुन्हा कान पिळावे लागले. मग यूजीसीनं सगळ्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सहा महिन्यांचा एक समान कोर्स दिला. एकूण ८ युनिटं, ५० तासिका. त्यातल्या ४५ वर्गात आणि ५ बाहेर, प्रत्यक्ष फिल्डवर. परीक्षा १०० मार्कांची, त्यात ७५ लेखी आणि २५ फिल्डवर्कचे. यासाठीचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी. पेशानं सर्जन, मनानं पक्के निसर्गवेडे!

म्हणजे देशभर पेपर एकच होता? कागदावर हो. पण तो कोणत्या वर्षाला ठेवायचा, किती मार्कांचा करायचा, निकालात मार्क दाखवायचे की नुसती ग्रेड, हे विद्यापीठांनी आपापल्या सोयीनं ठरवलं. कुठे पहिल्याच वर्षाला, कुठे दुसऱ्या. कुठे स्वतंत्र पेपर, तर कुठे दुसऱ्या एखाद्या कोर्सच्या पोटात घातलेला. नाव एक, रूपं अनेक!

त्यानंतर नवं शैक्षणिक धोरण आलं. यूजीसीनं २०२३ मध्ये पदवीच्या पातळीवरच्या पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा काढला. त्यात या विषयाला किमान ४ क्रेडिट द्यायला सांगितलंय आणि एका क्रेडिटमागे ३० तासांचं शिक्षण धरलंय. त्यात वर्गातलं शिकणं आलं, फिल्डवर्क आलं आणि गावात जाऊन केलेलं कामही आलं. महाराष्ट्रातल्या स्वायत्त कॉलेजांत नवं धोरण २०२३-२४ पासून, तर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. राज्याच्या नव्या रचनेत पर्यावरण शिक्षण ‘मूल्य शिक्षण’ या गटात मोडतं. त्यामुळे आज एकाच घरात थोरल्या भावाचा ईव्हीएस जुन्या पॅटर्नचा आणि धाकट्या बहिणीचा नव्या, असं चित्र सहज दिसू शकतं.

क्रेडिटचा फंडा

क्रेडिट म्हणजे काय? थोडक्यात, शिकण्यात घातलेल्या तासांचं माप. मार्क सांगतात तुम्ही किती चांगलं लिहिलंत, आणि क्रेडिट सांगतं तुम्ही किती शिकलात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असा हिशेब धरलाय. म्हणून ईव्हीएसमध्ये ९० मार्क पडले तरी तो पेपर २ क्रेडिटचा असेल, तर तुमच्या खात्यात दोनच क्रेडिट पडणार. नव्या विद्यापीठात त्याला ४ लागत असतील, तर उरलेल्या दोनांची सोय तुम्हालाच करावी लागणार. खिडकीवरचे काका नेमकं हेच विचारत होते!

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी तर इथे एक खड्डाच आहे. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पर्यावरण विज्ञान हा विषय सक्तीचा आहे, पण ‘नॉन-क्रेडिट’. म्हणजे पास व्हायलाच हवं, पण क्रेडिट शून्य! समजा कुणी दोन वर्षांनी इंजिनिअरिंग सोडलं आणि बी. एस्सी.ला आलं. ‘माझा ईव्हीएस झालाय’ हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण ट्रान्सफर करायला खात्यात आहे काय? शून्य. अशा वेळी मार्कशीटवर नुसतं ‘पास’ किंवा ‘समाधानकारक’ लिहिलेलं असतं. त्यानं भागेल असं गृहीत धरू नका. किती तासिका झाल्या, काय शिकवलं, प्रोजेक्ट होता का, याचा कागद कॉलेजकडून घ्या. नव्या विद्यापीठानं त्यावर सूट दिली तर उत्तम. नाही दिली, तर निदान सहाव्या सेमिस्टरला धक्का बसणार नाही.

बँकेत खातं आहे, पण बॅलन्स?

आता तुम्ही म्हणाल, यासाठीच तर ती क्रेडिट बँक काढलीय ना! बरोबर. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, लाडाचं नाव एबीसी. यूजीसीनं जुलै २०२१ मध्ये तिचे नियम काढले. डिजिलॉकरमधून खातं उघडायचं, बारा आकडी नंबर मिळवायचा आणि वेगवेगळ्या कॉलेजांत कमावलेले क्रेडिट एकाच ठिकाणी साठवायचे. कल्पना सॉलिड आहे. पण कुठल्याही बँकेसारखे या बँकेचेही नियम आहेत, आणि ते माहीत नसले की फजिती ठरलेली.

पहिला नियम, इथे पैसे तुम्ही भरत नाही, कॉलेज किंवा विद्यापीठ भरतं. तुम्ही मार्कशीट स्कॅन करून टाकली म्हणून क्रेडिट जमा होत नाहीत. खातं उघडलं म्हणजे काम झालं असं समजणारे इथेच फसतात. लॉगिन करून बघा, कदाचित बॅलन्स शून्य असेल! तसं असेल तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या मागे लागा. नवं कॉलेज यात काहीच करू शकत नाही.

दुसरा नियम तारखेचा. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पुढे कमावलेले क्रेडिटच या बँकेत चालतात. २०१५ मध्ये अर्धवट सोडलेल्या बी. ए.चा ईव्हीएस तिथे सापडणार नाही. त्यासाठी जुनाच रस्ता, म्हणजे मार्कशीट, सिलॅबस आणि समकक्षतेचा अर्ज.

तिसरा नियम मुदतीचा. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. ‘नंतर बघू’ म्हणत नोकरीत रमलात की घड्याळ चालूच राहतं.

चौथा नियम, डिग्री ज्यांच्याकडून हवीय, त्यांच्याकडे किमान ५० टक्के क्रेडिट कमावलेले हवेत. म्हणजे पाच सेमिस्टर पुण्यात आणि एक यवतमाळात करून अमरावतीची डिग्री मागितली, तर गणित जमणार नाही. ईव्हीएसचे क्रेडिट बाहेरून आणताना हा एकूण हिशेबही डोक्यात ठेवा.

आणि पाचवा, एकदा एखाद्या पदवीसाठी खर्च केलेले क्रेडिट पुन्हा दुसरीकडे वापरता येत नाहीत. नोट एकदाच मोडते!

एवढं सगळं जुळलं तरी शेवटचा शब्द डिग्री देणाऱ्या विद्यापीठाचाच. बँक फक्त सांगते की तुमच्याकडे इतके क्रेडिट आहेत. ते आपल्या कोणत्या पेपरच्या जागी बसवायचे, हे विद्यापीठाच्या व्यवस्थेत ठरतं. तिथे विषयाचं अभ्यास मंडळ असतं, त्यावर विद्या परिषद असते. म्हणूनच सिलॅबसचा तो कागद लाखमोलाचा.

घरबसल्या ईव्हीएस?

पेपर पुन्हा द्यायचाच असेल आणि नोकरी सोडता येत नसेल, तर? पर्याय आहेत.

एक म्हणजे ‘स्वयम्’. केंद्र सरकारचा हा ऑनलाइन कोर्सचा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. पर्यावरणाशी संबंधित कोर्स तिथे असतात. शिकणं फुकट, सर्टिफिकेटसाठीच्या परीक्षेला मात्र फी. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स कॉलेजं ‘स्वयम्’मधून घेऊ देऊ शकतात. पण इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉलेजला विचारायचं, ‘हा कोर्स आमच्या ईव्हीएसच्या जागी चालेल का?’ लेखी होकार घ्यायचा आणि मगच नाव नोंदवायचं. आधी कोर्स आणि मग विचारणा असा उलटा प्रवास केलात, तर छान सर्टिफिकेट भिंतीवर लागेल आणि पेपर डोक्यावर तसाच राहील.

दुसरा पर्याय दूरशिक्षणाचा. इग्नू १९८५ ची, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. नोकरदारांच्या कित्येक पिढ्या यांच्यामुळे ग्रॅज्युएट झाल्या. इग्नूच्या पदवी अभ्यासक्रमातला पर्यावरणाचा कोर्स ४ क्रेडिटचा आहे. आणि तिथे क्रेडिट ट्रान्सफरची सोयही आहे. आधी दुसरीकडे शिकलेलं कामी येऊ शकतं. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. आपोआप काहीही होत नाही, आणि प्रवेशाच्या वेळीच हा विषय काढलेला बरा.

खिडकीवर जाण्याआधी

आता थेट कामाचं. जुनं कॉलेज सोडतानाच काही कागद हातात असले, तर पुढचे पाचशे किलोमीटर वाचतात. पुण्याहून यवतमाळला आल्यावर ‘एक शिक्का राहिला’ म्हणून परत जाणं किती महागात पडतं, हे ज्यानं केलंय त्यालाच विचारा. प्रवास, रजा आणि वर ‘मॅडम आज सुट्टीवर आहेत’!

सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट तर लागतातच. त्यांच्या जोडीला ईव्हीएसचा सिलॅबस घ्या. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचाच, क्रेडिट आणि तासिका छापलेला, आणि त्यावर कॉलेजचा सही-शिक्का. वेबसाइटवरचा नवा सिलॅबस उतरवून नेलात तर तो तुमच्या मार्कशीटशी जुळणार नाही. फिल्डवर्कचा रिपोर्ट आणि तो पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. ती वही रद्दीत गेली की २५ मार्कांचा पुरावाच गेला. टीसी कॉलेजकडून, मायग्रेशन सर्टिफिकेट विद्यापीठाकडून, हे दोन वेगळे कागद आहेत. नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘एलिजिबिलिटी’ म्हणतात, ते नव्या कॉलेजमार्फत काढावं लागतं.

मग प्राचार्यांच्या नावानं एक साधा अर्ज लिहा. ‘मी अमुक विद्यापीठात पर्यावरणशास्त्र हा इतक्या क्रेडिटचा विषय अमुक साली उत्तीर्ण केला असून, तो आपल्या अभ्यासक्रमातील पर्यावरण विषयास समकक्ष धरावा,’ एवढं पुरे. सोबत कागद जोडा. अर्ज आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ही पोच म्हणजे तुमचं चिलखत! तोंडी ‘होऊन जाईल हो’ वर विसंबून परीक्षेचा फॉर्म भरू नका. फॉर्म भरायच्या आधी निर्णय लेखी यायला हवा. तो आला नाही, तर सरळ ईव्हीएसचा फॉर्मही भरून टाका. सूट मिळाली तर फी गेली, एवढंच. नाही मिळाली तर वर्ष वाचलं.

आणि नाहीच म्हणाले तर?

तर कारण लेखी मागा. कारण कळलं की अनेकदा मार्गही निघतो. क्रेडिट कमी पडत असतील तर उरलेल्या क्रेडिटचा कोर्स करता येईल का, लेखी झालंय पण प्रोजेक्ट नाही तर फक्त प्रोजेक्ट देता येईल का, असं नेमकं विचारा. ‘माझा पेपर माफ करा’ यापेक्षा ‘माझ्या पेपरमध्ये काय कमी पडतंय?’ हा प्रश्न ऑफिसला सोपा जातो.

उत्तरच येत नसेल, तर यूजीसीचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत. कॉलेजात आणि विद्यापीठात तक्रार निवारण समिती असायला हवी. तिनं शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. भांडायला म्हणून नव्हे, पण आपला कागद कुठल्या टेबलावर झोपलाय हे कळण्यासाठी ही दारं माहीत असलेली बरी.

पण फक्त सुटकाच हवीय का?

इथपर्यंत आपण पेपर वाचवण्याचा विचार केला. आता जरा दुसरी बाजू बघू. अभ्यास मंडळावरचे एखादे सर म्हणतील, ‘सिलॅबस सारखा आहे, मान्य. पण या मुलीनं फिल्डवर्क केलं मुळा-मुठेवर. आमच्या जिल्ह्यातलं पाणी, शेती, जंगल तिनं कुठे पाहिलं?’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुस्तकातली युनिटं देशभर सारखी असू शकतात, फिल्ड मात्र प्रत्येक जिल्ह्याचं आपलं असतं.

आणि यवतमाळचं फिल्ड कसलं? २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकमेकांत मिसळलेली औषधं, ना मास्क ना हातमोजे. ‘कीटकनाशकांचे दुष्परिणाम, पाच मार्क’ या प्रश्नामागे ही घरं आहेत. झरी जामणी, पांढरकवडा भागातल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराईड आहे, दात आणि हाडं खराब करणारं. वणीला कोळशाच्या खाणी आहेत. टिपेश्वरला वाघ वाढतात आणि शेजारी माणसं राहतात. २ नोव्हेंबर २०१८ ला राळेगाव भागात ‘अवनी’ वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हा शहरात मेणबत्त्या पेटल्या आणि तिकडच्या गावांत लोकांनी सुटकेचा श्वास घेतला. कोण चूक, कोण बरोबर? पर्यावरणाच्या वर्गात यापेक्षा चांगली चर्चा कुठली होणार?

म्हणून पन्नास तासिका पुन्हा बसायला लावणं हा काही उपाय नव्हे. जे शिकून झालंय त्याचे क्रेडिट मोकळ्या मनानं द्यायला हवेत. त्यासाठी मुलीचं एक सेमिस्टर अडवून धरणं हा अन्यायच. पण त्याच वेळी गावातल्या हातपंपांचं, फवारणीच्या किटचं, खाणीशेजारच्या शाळेचं एक छोटं प्रोजेक्ट करून घ्या. नव्या आराखड्यात फिल्डवर्क आणि समाजात जाऊन केलेल्या कामाचे तास मोजले जातातच. क्रेडिट कमी पडणाऱ्यांची तूट अशा प्रोजेक्टनं भरून काढू दिली, तर विद्यार्थ्याचं वर्ष वाचेल आणि जिल्ह्यालाही एक कामाचा कागद मिळेल. एकाच दगडात… नको, पक्षी मारायला नकोत, हा ईव्हीएसचा लेख आहे!

ऑफिसात बसून वाचणाऱ्यांसाठी

हिंजवडीत, विमाननगरात, ठाण्यात किंवा नागपूरच्या मिहानमध्ये बसून तुम्ही हे वाचत असाल आणि मनात कुठेतरी ते अर्धवट राहिलेलं तिसरं वर्ष सलत असेल, तर या शनिवारी एक काम करा. कपाटावरची ती फाइल खाली काढा. कोणते पेपर झालेत, कोणते राहिलेत, ईव्हीएस त्यात आहे का, आणि तो २०२१-२२ च्या आधीचा की नंतरचा, हे एका कागदावर लिहा. नंतरचा असेल तर डिजिलॉकर उघडून बॅलन्स बघा. आधीचा असेल तर जुन्या विद्यापीठाला विचारा की पदवी पूर्ण करायची कमाल मुदत संपली की नाही. मुदत असेल तर तिथेच उरलेले पेपर देणं बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडतं. संपली असेल तर मुक्त विद्यापीठाचा रस्ता धरा आणि पहिल्याच दिवशी क्रेडिट ट्रान्सफरचं विचारा.

नवीन नोकरीत कागदपत्रांची तपासणी होते, तेव्हा ‘डिग्री आहे, फक्त एक छोटा पेपर राहिलाय’ हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही. तिथे डिग्री असते किंवा नसते. ते तीन वर्षांचे कष्ट, घरच्यांनी कापूस विकून भरलेली फी, मेसचे ते डबे, हे सगळं एका कागदावर अडकवून ठेवण्यात काय अर्थ आहे?

चटकन लक्षात ठेवा

• ईव्हीएस ‘पास’ आहे एवढं पुरत नाही, किती क्रेडिटचा आहे ते बघा.
• ज्या वर्षी शिकलात त्या वर्षीचा सिलॅबस, सही-शिक्क्यासह घ्या.
• प्रोजेक्टची वही डिग्री हातात येईपर्यंत रद्दीत टाकू नका.
• एबीसी खात्यात क्रेडिट कॉलेज भरतं. ते भरलेत का, हे मात्र तुम्हीच तपासायचं.
• ‘स्वयम्’चा कोर्स करण्याआधी कॉलेजचा लेखी होकार.
• प्रवेश घेतानाच समकक्षतेचा अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही!

तर मंडळी, पेपर साधा असला तरी कागद साधे नाहीत. ते वेळेवर गोळा केलेत तर खिडकीमागचे काकाही मान हलवत म्हणतील, “हे बरं केलं माय, आता होते तुह्यं काम!”